टी पेशींची वेसण

कर्करोगावरील उपचार म्हटले की शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी ही तीन नावे बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही आता परिचयाची झाली आहेत. त्यांच्या जोडीला चौथे नाव आले आहे, ते म्हणजे इम्युनोथेरपी. उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर, बार्शी किंवा मुंबई गाठणाऱ्या रुग्णांच्या कानावर हा शब्द पडतो आणि 'प्रतिकारशक्ती वाढविणारे इंजेक्शन' असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ अपुरा आहे. इम्युनोथेरपीतील सर्वाधिक वापरात असलेली औषधे कर्करोगाच्या पेशीला स्वतः मारत नाहीत आणि प्रतिकारशक्तीला बाहेरून नवे बळही पुरवीत नाहीत. शरीरातील टी पेशींना निसर्गाने जी वेसण घातली आहे, ती सैल करणे एवढेच त्यांचे काम असते.

ही वेसण म्हणजे टी पेशींच्या पृष्ठभागावरील निरोधक ग्राही आणि त्यांना येऊन जुळणारी प्रथिने होत. ग्राही हे कुलूप मानले, तर त्यात बसणारी किल्ली म्हणजे लिगँड. किल्ली कुलपात बसली की टी पेशीला 'थांब' असा संदेश मिळतो. हा संदेश कशासाठी असतो, कर्करोग त्याचा गैरफायदा कसा घेतो आणि तो तोडण्याची किंमत काय, याची ही माहिती. ती समजून घेण्याचे कारण व्यावहारिकही आहे. ही औषधे अत्यंत महाग आहेत, ती सर्वांना लागू पडत नाहीत आणि मुंबईत झालेल्या एका संशोधनाने ती सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आणण्याची एक वाट दाखवून दिली आहे.

टी पेशीला दोन खुणा लागतात

टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार होत. अस्थिमज्जेत जन्मलेल्या या पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होतात, म्हणून त्यांना 'टी' हे अक्षर लाभले. विषाणूने बाधित झालेली किंवा कर्करोगाकडे वळलेली पेशी ओळखून तिचा नाश करणे हे त्यांतील मारक टी पेशींचे काम. मदतनीस टी पेशी इतर पेशींना कामाला लावतात, तर नियामक टी पेशी साऱ्या यंत्रणेला आवर घालतात.

टी पेशी आपणहून हल्ला करीत नाही. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशीचा मुख्य ग्राही हे तुकडे तपासतो. तुकडा परका वाटला तर पहिली खूण पटते. परंतु नवख्या टी पेशीला कामाला लागण्यासाठी एवढे पुरत नाही. तिच्यावरील सीडी-२८ नावाच्या ग्राहीला समोरच्या पेशीवरील सीडी-८० किंवा सीडी-८६ या लिगँडची जोड मिळावी लागते. ही दुसरी खूण. दोन्ही खुणा पटल्या की टी पेशीची वाढ सुरू होते आणि काही दिवसांत एका पेशीच्या हजारो पेशी होतात. दुसरी खूण मिळाली नाही, तर ती पेशी निपचित राहते.

हजारोंच्या संख्येने वाढणाऱ्या या फौजेला वेळीच थांबविणेही तितकेच आवश्यक असते. संसर्ग आटोक्यात आल्यावरही हल्ला चालू राहिला, तर स्वतःच्याच यकृताची, आतड्याची, सांध्यांची हानी होईल. त्यासाठी टी पेशीवर एकाहून अधिक निरोधक ग्राही असतात. त्यांपैकी सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे दोन सर्वाधिक अभ्यासले गेले आहेत.

पहिली वेसण : सीटीएलए-४

सीटीएलए-४ या रेणूचा शोध १९८७ मध्ये फ्रान्समधील पिएर गोल्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेत लागला. तो टी पेशीवर असतो एवढेच तेव्हा कळले होते. सीडी-२८ प्रमाणे तोही पेशीला चेतविणारा असावा, असा काहींचा तर्क होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास जेफ्री ब्लूस्टोन आणि जेम्स ॲलिसन यांच्या गटांनी तो प्रत्यक्षात पेशीला आवरणारा असल्याचे दाखविले. १९९५ मध्ये याचा ठळक पुरावा मिळाला. ज्या उंदरांमधून सीटीएलए-४ चे जनुक काढून टाकले होते, त्यांच्या टी पेशी बेसुमार वाढल्या, हृदयासह अनेक अवयवांत शिरल्या आणि ते उंदीर जन्मानंतर तीन ते चार आठवड्यांत दगावले. वेसण नसेल तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

सीटीएलए-४ चे काम मोठे चातुर्याचे आहे. सीडी-२८ ज्या लिगँडशी जुळतो, त्याच सीडी-८० आणि सीडी-८६ या लिगँडशी सीटीएलए-४ जुळतो, पण कितीतरी अधिक घट्टपणे. त्यामुळे तो सीडी-२८ च्या तोंडचा घास काढून घेतो. एवढ्यावर न थांबता तो समोरच्या पेशीवरील ही लिगँड ओढून आपल्या पेशीच्या आत नेतो आणि नष्ट करतो, असे २०११ मध्ये दिसून आले. नियामक टी पेशींवर हा ग्राही कायम असतो. या नियामक पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रुनकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सीटीएलए-४ मुख्यतः लसीका ग्रंथींमध्ये, म्हणजे टी पेशी प्रथम चेतविल्या जातात त्या ठिकाणी, लगाम घालतो. माणसांतही त्याचे महत्त्व तितकेच आहे. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असलेल्या व्यक्तींमध्ये स्वतःच्याच अवयवांवर प्रतिकारशक्तीचा हल्ला होतो, हे २०१४ मध्ये दोन संशोधक गटांनी नोंदविले.

दुसरी वेसण : पीडी-१

जपानमधील क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा हे पेशींच्या मृत्यूस कारण ठरणाऱ्या जनुकांचा शोध घेत होते. त्या शोधात १९९२ मध्ये त्यांना एक नवे जनुक सापडले. नियोजित पेशीमृत्यूशी त्याचा संबंध असावा, या समजुतीने त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला पीडी-१ म्हटले गेले. पुढे त्याचे खरे काम वेगळेच निघाले, पण नाव तेच राहिले. १९९९ मध्ये पीडी-१ नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते सीटीएलए-४ नसलेल्या उंदरांप्रमाणे तातडीने दगावले नाहीत. मात्र वय वाढल्यावर त्यांना सांधे आणि मूत्रपिंडांचा विकार जडला. म्हणजे ही वेसण अधिक सौम्य, पण दीर्घकाळ लागणारी होती.

पीडी-१ च्या लिगँडचा शोध स्वतंत्रपणे लागला. १९९९ मध्ये अमेरिकेतील लिपिंग चेन यांच्या गटाने एक नवे प्रथिन वर्णिले आणि तेच पीडी-१ चे लिगँड असल्याचे गॉर्डन फ्रीमन, होंजो व सहकाऱ्यांनी २००० मध्ये सिद्ध केले. त्याला आज पीडी-एल१ म्हणतात. पीडी-एल२ हे दुसरे लिगँड त्यानंतर वर्षभरात सापडले.

पीडी-एल१ जुळले की पीडी-१ ची पेशीच्या आतील बाजू एसएचपी-२ नावाचे विकर जवळ ओढून घेते. हे विकर चेतवणीच्या संदेशसाखळीतील फॉस्फेट गट काढून टाकते आणि संदेश मधेच विरतो. २०१७ मधील प्रयोगांनुसार या कात्रीचा पहिला वार सीडी-२८ वरच पडतो. म्हणजे दोन्ही वेसणी वेगवेगळ्या मार्गांनी त्याच दुसऱ्या खुणेला रोखतात. फरक ठिकाणाचा आहे. सीटीएलए-४ लसीका ग्रंथींत सुरुवातीलाच अडवितो, तर पीडी-१ चा अडसर मुख्यतः प्रत्यक्ष लढाईच्या जागी, म्हणजे ऊतींमध्ये, लागतो.

वेसण उपकारक कधी?

गर्भातील बाळात निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात. आईच्या टी पेशींच्या दृष्टीने ते अर्धे परके असते. तरीही त्याच्यावर हल्ला होत नाही, याचे एक कारण म्हणजे वारेच्या पेशींवर असलेले पीडी-एल१. दीर्घकाळ चालणाऱ्या विषाणुसंसर्गातही टी पेशींवर पीडी-१ चे प्रमाण वाढते आणि त्या थकल्यासारख्या होतात. २००६ मध्ये प्रथम उंदरांत आणि त्याच वर्षी एचआयव्हीबाधित माणसांत हे दिसून आले. ही थकवट रोगाला रान मोकळे करते खरी, पण अवयवांची अखंड होणारी जाळपोळही थोपविते.

वेसण घट्ट करण्याचा उपयोगही वैद्यकशास्त्राने केला आहे. सीटीएलए-४ चा बाहेरचा भाग वापरून तयार केलेले ॲबाटासेप्ट हे औषध टी पेशींना दुसरी खूण मिळू देत नाही. आमवातासारख्या संधिवातावर ते २००५ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. एकाच रेणूच्या ज्ञानावर सांधेदुखीसाठी लगाम आवळणारे आणि कर्करोगासाठी लगाम सोडणारे अशी परस्परविरुद्ध दोन औषधे उभी राहिली, ही या विषयातील लक्षणीय बाब होय.

गाठीची लबाडी

कर्करोगाची पेशी शरीराचीच असली तरी तिच्या जनुकांत अनेक बदल झालेले असतात. त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर काही अनोळखी तुकडे दिसतात आणि टी पेशी त्यांना ओळखूही शकतात. अनेक गाठींच्या आत टी पेशी शिरलेल्या आढळतात. मग त्या गाठ का संपवीत नाहीत, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता.

उत्तर टी पेशीच्याच शस्त्रात दडलेले निघाले. हल्ला करताना टी पेशी गॅमा इंटरफेरॉन हे रसायन सोडते. निरोगी ऊतींमध्ये या रसायनाच्या प्रभावाने पीडी-एल१ वाढते, जेणेकरून आसपासच्या निरपराध पेशींचा बचाव व्हावा. कर्करोगाची पेशी हीच सोय आपल्यासाठी वापरते. टी पेशी जवळ आली, तिने इंटरफेरॉन सोडले की गाठीच्या पेशी अंगावर पीडी-एल१ चढवितात आणि समोरच्या टी पेशीचा पीडी-१ दाबून तिला थंड करतात. चोराने पोलिसाचाच गणवेश चढवावा, तसा हा प्रकार होय.

प्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे

सीटीएलए-४ वर प्रतिपिंड बसवून ते झाकून टाकले तर उंदरांमधील गाठी विरघळतात, हे ॲलिसन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट रेणूलाच नेमके जाऊन चिकटणारे प्रथिन. कुलपाचे भोक बुजविल्यावर किल्ली निरुपयोगी व्हावी, तसा त्याचा परिणाम होतो. औषध कंपन्यांना ही कल्पना पटण्यास वेळ लागला. माणसांसाठी तयार झालेल्या इपिलिमुमॅब या प्रतिपिंडाची मेलॅनोमा या त्वचेच्या गंभीर कर्करोगाच्या ६७६ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यमान आयुर्मान ६.४ महिन्यांवरून सुमारे १० महिन्यांवर गेले. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली.

पीडी-१ ला झाकणाऱ्या निवोलुमॅबला जपानमध्ये जुलै २०१४ मध्ये, तर पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत सप्टेंबर २०१४ मध्ये परवानगी मिळाली. अटेझोलिझुमॅब, दुर्वालुमॅब आणि अवेलुमॅब ही औषधे ग्राहीऐवजी पीडी-एल१ या लिगँडला झाकतात. ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या औषधांचे वैशिष्ट्य असे की ज्यांना गुण येतो, त्यांच्यापैकी काहींना तो वर्षानुवर्षे टिकतो. पण बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत गुण न येणाऱ्यांचीच संख्या अधिक असते. ज्या गाठींत मुळात टी पेशी शिरलेल्याच नाहीत, तेथे वेसण सोडून उपयोग होत नाही. म्हणून गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ चे प्रमाण तपासण्याची पद्धत आहे. जनुकदुरुस्तीची एक विशिष्ट यंत्रणा बिघडलेल्या गाठींत अनोळखी तुकडे भरपूर असतात. अशा गाठी कोणत्याही अवयवात असल्या तरी पेम्ब्रोलिझुमॅब वापरण्यास अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

मराठवाड्याच्या संदर्भात

ग्रामीण मराठवाड्यातील कर्करोगाचे चित्र ज्या नोंदींमुळे स्पष्ट झाले, त्यांत बार्शीचे स्थान मोठे आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीबरोबरच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. भूम तालुक्याची सीमा बीड जिल्ह्याला लागून आहे. शेती, दुष्काळ, स्थलांतर आणि तंबाखूची सवय या बाबतीत दोन्हीकडचे जीवन फारसे वेगळे नाही.

तंबाखूचा उल्लेख येथे अटळ आहे. २०१६-१७ च्या प्रौढांमधील तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण मात्र ३.८ टक्केच होते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण चुना लावून मळलेली तंबाखू आणि दात घासण्याची मशेरी घरोघरी राहिली. परिणामी तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांमधील सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. गालाच्या आतील पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण याकडे दुर्लक्ष होते आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा अनेकदा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो.

नेमक्या याच अवस्थेत निवोलुमॅब उपयोगी ठरल्याचे २०१६ मध्ये दिसले होते. केमोथेरपीला न जुमानणाऱ्या डोके व मानेच्या कर्करोगाच्या ३६१ रुग्णांवरील त्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण प्रचलित औषधांनी १६.६ टक्के, तर निवोलुमॅबने ३६ टक्के होते. परंतु पूर्ण मात्रेच्या वर्षभराच्या उपचारांचा खर्च अनेक लाखांत जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला किंवा मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर फडावर जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याला हा आकडा ऐकूनच उपचार थांबवावे लागतात.

मुंबईतील चाचणी

टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीकडे वेगळ्या बाजूने पाहिले. निवोलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम अशी आहे. ही मात्रा खरोखर इतकी लागते काय, असा प्रश्न विचारण्यास आधार होता. या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच असे दिसले होते की रक्तातील टी पेशींवरील बहुतांश पीडी-१ ग्राही लहान मात्रेनेही झाकले जातात आणि ते दोन महिन्यांहून अधिक काळ झाकलेले राहतात. सारी कुलपे बुजल्यानंतर आणखी प्रतिपिंड ओतल्याने अधिक काही साधेलच असे नाही.

या तर्काने त्यांनी दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. आठवड्याच्या हिशेबाने ही मात्रा रूढ मात्रेच्या सहा टक्क्यांहूनही कमी भरते. जोडीला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब दिवसातून दोनदा आणि एर्लोटिनिब रोज अशी तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे होती. बरा होण्याची शक्यता नसलेल्या डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. ७५ जणांना केवळ गोळ्या आणि ७६ जणांना गोळ्यांसह अल्पमात्रा निवोलुमॅब देण्यात आले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकाने निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ गोळ्या घेतलेल्या गटात वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्के होते, तर निवोलुमॅबची जोड मिळालेल्या गटात ते ४३.४ टक्के होते. मध्यमान आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. गंभीर दुष्परिणामही वाढले नाहीत. त्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५० टक्के, तर दुसऱ्या गटात ४६.१ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. चाचणी एकाच रुग्णालयातील होती. अल्पमात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही सारख्याच गुणकारी आहेत असे तीवरून सिद्ध होत नाही. बहुतेक रुग्णांचा रोग कायमचा बरा झाला असाही तिचा दावा नाही. तिने सिद्ध केले ते एवढेच की, ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा परवडतच नाही, त्याच्यासाठी 'काहीच नाही' याहून बराच चांगला पर्याय अस्तित्वात आहे. बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने हे 'एवढेच' मोलाचे आहे. तीन आठवड्यांतून एक फेरी आणि उरलेली औषधे घरी, ही रचनाही बीडहून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावरील छत्रपती संभाजीनगरला ये-जा करणाऱ्याला सोयीची पडते.

शासकीय पातळीवरही किमतीच्या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगावरील तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. त्यांत पीडी-एल१ ला झाकणारे दुर्वालुमॅब हे एक होते.

क्षयरोगाची धास्ती

वेसण सोडलेला बैल शेतातच राहील याची खात्री नसते. पीडी-१ किंवा सीटीएलए-४ झाकल्यावर टी पेशी गाठीप्रमाणेच निरोगी अवयवांवरही उलटू शकतात. त्वचेवर पुरळ, आतड्याला सूज येऊन होणारे जुलाब, यकृताचा दाह, थायरॉइडचे विकार हे त्यातल्या त्यात अधिक आढळणारे दुष्परिणाम होत. फुप्फुसांचा दाह आणि क्वचित होणारा हृदयाच्या स्नायूंचा दाह जिवावर बेतू शकतो. बहुतेक वेळा औषध थांबवून स्टिरॉइड दिल्यास हे विकार आटोक्यात येतात, पण ते लवकर ओळखावे लागतात. खोकला, धाप, वारंवार जुलाब किंवा अति थकवा यांना 'केमोचा त्रास' समजून अंगावर काढणे धोक्याचे असते. उपचार सुरू असलेला कागद सोबत ठेवून तो गावातील किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना दाखविणे म्हणूनच गरजेचे आहे.

आपल्याकडे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. प्रतिकारशक्ती मोकळी सोडल्यास क्षय दबेल असे कोणालाही वाटावे. २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलटेच दिसले. पीडी-१ नसलेले उंदीर क्षयाच्या संसर्गाने सामान्य उंदरांपेक्षा लवकर मेले, कारण अनावर झालेल्या टी पेशींनी फुप्फुसांची हानी केली. पीडी-१ रोखणारी औषधे घेतलेल्या काही कर्करुग्णांमध्ये सुप्त क्षय उफाळल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे पूर्वी क्षय झाला असल्यास किंवा घरात क्षयरुग्ण असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगणे आवश्यक ठरते.

इतर ग्राही

निरोधक ग्राहींची यादी या दोघांवर संपत नाही. लॅग-३ हा ग्राही फ्रान्समधील फ्रेदेरिक त्रिबेल यांच्या गटाने १९९० मध्ये वर्णिला. त्याला रोखणारे रिलॅटलिमॅब निवोलुमॅबसोबत मेलॅनोमासाठी वापरण्यास अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये परवानगी मिळाली. टिम-३ या ग्राहीचा शोध भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ विजय कुचरू यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २००२ मध्ये जाहीर केला. गॅलेक्टिन-९ हे त्याचे एक लिगँड मानले जाते. टिजिट नावाचा ग्राही सीडी-१५५ या लिगँडशी जुळतो. त्याच्यावरील औषधांकडून मोठ्या आशा होत्या, परंतु मोठ्या चाचण्यांत त्या फळाला आल्या नाहीत आणि अनेक कंपन्यांनी त्यांवरील काम थांबविले. प्रत्येक वेसण सोडली म्हणजे गुण येतोच असे नाही, हा या अपयशाचा धडा.

रुग्णांनी काय विचारावे?

इम्युनोथेरपीचा सल्ला मिळाल्यास रुग्णाच्या नातेवाइकांनी काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. हा कर्करोग या औषधांना दाद देणाऱ्यांपैकी आहे काय? गाठीवरील पीडी-एल१ ची तपासणी झाली काय? उद्दिष्ट रोग बरा करण्याचे आहे की आयुष्य वाढविण्याचे? मात्रा कोणती, अल्पमात्रेचा पर्याय या रुग्णाला लागू पडतो काय आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा धर्मादाय निधीतून कोणता खर्च भागू शकतो? जमीन गहाण ठेवण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे मिळविणे हा रुग्णाचा अधिकार आहे. मात्रा कमी-जास्त करण्याचा निर्णय मात्र कर्करोगतज्ज्ञांवरच सोपवावा.

सीटीएलए-४ चा शोध लागून चार दशके होत आली. उंदरांच्या पिंजऱ्यात सुरू झालेले हे ज्ञान आज बार्शी आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंत पोहोचले आहे. ते गेवराई, आष्टी, धारूरच्या रुग्णापर्यंत पोहोचायचे असेल तर औषधांच्या किमती उतरण्याबरोबरच अल्पमात्रेसारख्या देशी संशोधनाला बळ मिळाले पाहिजे. त्याहूनही आधी तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर तपासणी करून घेण्याची आणि तंबाखूची पुडी दूर ठेवण्याची सवय लागली पाहिजे. वेळीच सापडलेल्या लहान गाठीला शस्त्रक्रिया पुरेशी असते, आणि टी पेशींची वेसण सैल करण्याची वेळच बहुधा येत नाही.